मिशिगनला लोळवलं, वॉफर्डने धुतलं: ॲपलेशियन स्टेटचा २००७ चा सीझन

कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन, तो अंडाकृती बॉलवाला) विषय निघाला की ज्याला थोडंफार माहितीय तो एक किस्सा हमखास सांगतो. १ सप्टेंबर २००७, डोंगरातल्या कुठल्याशा ॲपलेशियन स्टेट नावाच्या टीमने मिशिगनला मिशिगनच्याच घरात हरवलं, ३४-३२. किस्सा खरा आहे आणि भारीच आहे, पण सगळे तिथेच थांबतात राव. पुढे काय झालं ते कोणी सांगतच नाही. पुढे झालं असं की तीनच आठवड्यांनी याच टीमला वॉफर्ड नावाच्या कॉलेजने ४२-३१ ने धुतलं, आणि हे वॉफर्ड म्हणजे केवढं, तर अख्ख्या कॉलेजात पोरं दीड हजाराच्या आत. एक लाख नऊ हजार लोकांसमोर न घाबरलेली टीम शेजारच्या राज्यातल्या एवढ्याशा कॉलेजात जाऊन मार खाऊन आली. मला या केसमधलं हेच जास्त इंटरेस्टिंग वाटतं, त्यामुळे अख्खा सीझन घेऊया, नुसती मिशिगनची मॅच नाही.

आधी गाव बघा. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेला ब्लू रिज डोंगर आहेत, तिथे बून नावाचं छोटंसं गाव आहे, उंची ३,३३३ फूट, म्हणजे आपल्या लोणावळ्याच्या वर आणि महाबळेश्वरच्या खाली. युनिव्हर्सिटी हेच गाव, बाकी काही म्हणावं असं नाही. स्टेडियमचं नाव किड ब्रूअर पण सगळे त्याला ‘द रॉक’ म्हणतात, आणि तेव्हा त्याची क्षमता सतरा हजारांच्याही आत होती. मिशिगनच्या स्टेडियममध्ये असली सहा स्टेडियमं मावतील.

आता लेव्हलचं समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा डिव्हिजन वन १९७८ मध्ये दोन तुकड्यांत फुटला. वरच्या तुकडीला आता एफबीएस म्हणतात, खालच्या तुकडीला एफसीएस. तेव्हा वरच्यांना ८५ स्कॉलरशिप द्यायची मुभा होती, खालच्यांना ६३, म्हणजे बेंचवर बसवायला बावीस चांगली पोरं कमी हा फरक सुरुवातीलाच. वर आणि एक की ज्याला मोठी कॉलेजं बोलावतात तो पोरगा कशाला खालच्या तुकडीत येईल, त्यामुळे इथे येतात ती बहुतेक उरलेली, कोणीतरी ‘उंची कमी आहे’, ‘वजन कमी आहे’ म्हणून नाकारलेली पोरं.

ॲपलेशियन स्टेट खालच्या तुकडीतल्या सदर्न कॉन्फरन्समध्ये खेळायची. कॉन्फरन्स म्हणजे आपापल्या भागातल्या कॉलेजांचा गट, दरवर्षी एकमेकांशी खेळायचंच खेळायचं. ही सदर्न कॉन्फरन्स लई जुनी, १९२१ ची. एकेकाळी दक्षिणेतली सगळी बडी कॉलेजं यातच होती, मग १९३२ मध्ये एक मोठा घोळका बाहेर पडला आणि त्याची एसईसी नावाची कॉन्फरन्स झाली, १९५३ मध्ये दुसरा घोळका निघाला आणि एसीसी नावाची झाली. म्हणजे कर्ती पोरं वेगळी बंगले बांधून गेली आणि जुन्या वाड्यात उरले ते उरले, असा प्रकार. २००७ मध्ये फुटबॉलला आठ कॉलेजं होती: ॲपलेशियन स्टेट, वॉफर्ड, जॉर्जिया सदर्न, फर्मन, एलॉन, द सिटाडेल, वेस्टर्न कॅरोलायना आणि चॅटनूगा. प्रत्येकाच्या वाट्याला सात मॅचेस.

आणि ॲपलेशियन स्टेट काही लिंबूटिंबू नव्हती हेही सांगायला पाहिजे, कारण त्या मिशिगनच्या किस्स्यात नेहमी तसं रंगवतात. २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षं ते खालच्या तुकडीचे नॅशनल चॅम्पियन होते, एकदा नॉर्दर्न आयोवाला २१-१६ आणि एकदा मॅसॅच्युसेट्सला २८-१७ असं फायनलमध्ये हरवून. तरी मिशिगनने बोलावलं, कारण मिशिगनला हवी होती सीझनच्या सुरुवातीची सोपी मॅच. २००६ पासून मोठ्या टीम्सना कायमची बारावी मॅच खेळायची परवानगी मिळाली होती, त्या जास्तीच्या मॅचला कोणीतरी गिऱ्हाईक लागतंच, मग छोट्याला चेक द्यायचा, घरी बोलवायचं, बडवायचं आणि परत पाठवायचं. ॲपलेशियन स्टेटचा चेक होता चार लाख डॉलरचा. सरळ हिशोब, मार खायचे पैसे.

कोच जेरी मूर. हा माणूस म्हणजे वेगळंच प्रकरण. टेक्सास टेकला कोच होता, तिथे १६ जिंकल्या ३७ हरल्या आणि १९८५ च्या सीझननंतर नोकरी गेली. दोन वर्षं फुटबॉलपासूनच लांब. मग आर्कान्सामध्ये बिनपगारी असिस्टंट म्हणून परत सुरुवात, आणि १९८९ मध्ये बूनला आला तो तिथेच राहिला. २००७ मध्ये ६८ वर्षांचा होता. या वयात माणूस आपलंच खरं करतो, पण याने २००४ च्या सुमारास स्वतःची जुनी पद्धत अख्खी मोडीत काढली. आपल्या असिस्टंट कोचेसना वेस्ट व्हर्जिनियाला पाठवलं, तिथे रिच रॉड्रिगेझ नावाचा कोच ‘स्प्रेड’ नावाचा प्रकार चालवत होता, तो शिकून या म्हणाला. (हे रॉड्रिगेझ नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येतंय.)

स्प्रेड म्हणजे काय, तर नावातच आहे. जुन्या पद्धतीत सगळे धिप्पाड मधे गर्दी करून धक्काबुक्की करायचे, जो जास्त वजनाचा तो जिंकायचा. स्प्रेडमध्ये चार-चार रिसिव्हर (पास पकडणारे) मैदानाच्या पार कडेपर्यंत पसरवून उभे करतात, मग समोरच्यालाही पसरावं लागतं आणि मधे मोकळी जागा होते. त्यात भर म्हणजे ‘झोन रीड’. समोरच्या टीमच्या एका डिफेंडरला मुद्दाम कोणीच अडवत नाही. क्वार्टरबॅक (बॉल हातात घेऊन डाव चालवणारा) रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) पोटाशी बॉल धरतो आणि फक्त त्या एका माणसाकडे बघतो, तो रनिंग बॅककडे झेपावला की बॉल काढून घेऊन स्वतः पळतो, तो जागेवर थांबला की बॉल रनिंग बॅकला देऊन मोकळा. म्हणजे समोरचा काहीही करो, चूक त्याचीच होणार. यात वजन चालत नाही, वेग आणि डोकं चालतं, आणि तसला क्वार्टरबॅक त्यांच्याकडे होता, आर्मांटी एडवर्ड्स. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनवूडचा, अंगाने सडपातळ, डावखुरा. मोठ्या कॉलेजांना त्याच्यात क्वार्टरबॅक दिसलाच नाही, दुसऱ्या कुठल्यातरी जागेवर खेळवू म्हणत होते, त्यामुळे तो बूनला आला.

मिशिगन तेव्हा देशात पाचव्या नंबरला. क्वार्टरबॅक चॅड हेनी, रनिंग बॅक माइक हार्ट, आणि लाइनवर जेक लॉंग, जो पुढच्या वर्षी एनएफएल ड्राफ्टमध्ये (प्रोफेशनल टीम्स नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या नंबरवर गेला. मॅच दाखवत होतं बिग टेन नेटवर्क, जे चॅनल सुरू होऊन दोन दिवस झाले होते. सुरुवातीला मिशिगनने टचडाउन केला (बॉल शेवटच्या रेषेपार, सहा पॉइंट), लोकांनी म्हटलं झालं सुरू, आणि लगेच डेक्स्टर जॅक्सनने एक पास पकडला आणि ६८ यार्ड कोणाच्या हाती न लागता पळाला. हाफटाइमला स्कोअर २८-१७, ॲपलेशियन स्टेट पुढे. एडवर्ड्सने त्या दिवशी २३ पैकी १७ पास पूर्ण केले, २२७ यार्ड, तीन टचडाउन, आणि एक टचडाउन स्वतः पळून.

मग मिशिगन हळूहळू परत आली. ३१-२०, ३१-२६, आणि मॅच संपायला साडेचार मिनिटं असताना हार्ट ५४ यार्ड पळाला आणि ३२-३१, मिशिगन परत पुढे. इथे एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. शेवटच्या दोन्ही टचडाउननंतर मिशिगनने एक पॉइंटची साधी किक न मारता दोन पॉइंटचा डाव टाकला आणि दोन्ही वेळा फसले. साध्या किक मारल्या असत्या तर ३४ झाले असते. असो, जर-तरला अर्थ नाही पण डोक्यात राहतं.

शेवटचे दीड मिनिट मी किती वेळा बघितलंय ते मोजलं नाही. १:३७ बाकी, मिशिगनची फील्ड गोलची (तीन पॉइंटची) किक ॲपलेशियन स्टेटने अडवली. एकही टाइमआउट शिल्लक नाही, समोर ७६ यार्ड, आणि एडवर्ड्स शांतपणे एकेक पास टाकत ६९ यार्ड वर घेऊन गेला. २६ सेकंद असताना ज्युलियन राउचने २४ यार्डांवरून किक मारली, ३४-३२. वाटलं संपलं. तर हेनीने एक लांबच लांब बॉल फेकला आणि मारियो मॅनिंगहॅमने तो ४६ यार्डांवर पकडला, सहा सेकंद बाकी, आता फक्त ३७ यार्डांची किक, असली किक म्हणजे कॉलेज लेव्हलला जमण्यासारखी, एक लाख नऊ हजार लोक उभे. स्नॅप झाला, म्हणजे किकसाठी बॉल मागे आला, आणि कडेने कोरी लिंच नावाचा पोरगा जवळजवळ मोकळाच आत घुसला. किक त्याच्या अंगावर आपटली, उसळली आणि परत त्याच्याच हातात आली. त्याने तिथेच आडवं पडायला हवं होतं ना, मॅच तिथेच खिशात, पण तो पळत सुटला, ५२ यार्ड पळाला, पाय ओढत ओढत, शेवटी मागून कोणीतरी पकडलं तेव्हा घड्याळात शून्य. स्टेडियममध्ये इतकी शांतता की ॲपलेशियन स्टेटच्या मूठभर लोकांचा आरडाओरडा व्हिडिओत स्वच्छ ऐकू येतो.

तिकडे बूनमध्ये पोरं रिकाम्या ‘द रॉक’मध्ये घुसली, गोलपोस्ट उपटला आणि उचलून थेट चान्सलरच्या घरासमोर नेऊन टाकला. मॅच दुसऱ्या राज्यात, गोलपोस्ट स्वतःचा. याला म्हणतात आनंद.

रँकिंगमधल्या टीमला खालच्या तुकडीने हरवल्याचं १९७८ पासून एकदाही झालं नव्हतं. मिशिगन पाचव्या नंबरवरून थेट पंचवीसच्या बाहेर, आणि हे रँकिंग काढणाऱ्या एपी या वृत्तसंस्थेने आपला नियम बदलून खालच्या तुकडीलाही मतं द्यायला परवानगी दिली. मासिकाच्या कव्हरवर वगैरे फोटो. आणि इथेच खरी केस सुरू होते, कारण एडवर्ड्सचा खांदा त्याच मॅचमध्ये दुखावला होता आणि पुढचे काही आठवडे तो धड खेळू शकला नाही. लेन्वार-राइनला ४८-७ आणि नॉर्दर्न ॲरिझोनाला ३४-२१ हरवलं, त्याच्या जागी ट्रे एल्डरने किल्ला लढवला. पण २२ सप्टेंबरला कॉन्फरन्सची पहिली मॅच आली, स्पार्टनबर्गला, वॉफर्डच्या घरी.

वॉफर्डकडे ना आकार ना वेग. त्यांच्याकडे होता कोच माइक एअर्स आणि त्याचा ‘ऑप्शन’. ऑप्शन म्हणजे जुनापुराणा प्रकार, बॉल हवेत फेकायचा जवळजवळ नाहीच. क्वार्टरबॅकपुढे तीन रस्ते: फुलबॅकला देऊन मधून घुसव, स्वतः ठेवून पळ, नाहीतर शेवटच्या क्षणी कडेने पळणाऱ्याकडे उडव. आणि यातही समोरच्या एक-दोन माणसांना मुद्दाम मोकळं सोडायचं, त्यांच्याकडे बघून ठरवायचं. वाचल्यासारखं वाटतंय ना? वाटणारच, कारण झोन रीडचं मूळ हेच आहे. ज्या युक्तीने बूनच्या पोरांनी मिशिगनला वेडं केलं तीच युक्ती, फक्त आजोबांच्या जमान्यातली, वॉफर्डने त्यांच्यावर चालवली. शिवाय ऑप्शनवाल्यांचा दुसरा त्रास असा की ते तीन-चार यार्ड, तीन-चार यार्ड करत बसतात, घड्याळ पळत राहतं, आणि तुमचा फास्ट अटॅक बाउंड्रीबाहेर बसून नखं खात बसतो. स्प्रेडवाल्या टीमचा डिफेन्स हलका आणि चपळ असतो कारण रोज प्रॅक्टिसला स्वतःच्याच रिसिव्हरांमागे पळायचं असतं. सरळ अंगावर येणाऱ्या खेळासमोर तो दमतो.

बरं, एडवर्ड्सचा खांदा हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. ३१ पॉइंट केले होते त्यांनी, ३१ मध्ये मॅच जिंकता येते. ४२ दिले तिथे घोळ. आणि मनाचा भागही असणारच, तीन आठवडे अख्खा देश पाठ थोपटतोय, टीव्हीवाले येतायत, आणि मग शनिवारी छोट्याशा मैदानावर अशा टीमसमोर जिला तुमच्या कौतुकाचं काडीचं कौतुक नाही. मिशिगनने ॲपलेशियन स्टेटचे व्हिडिओ किती सिरियसली बघितले असतील कोण जाणे, वॉफर्डवाले मात्र यांना दरवर्षी बघतात. कोणता लाइनमन दमला की हात कमरेवर ठेवतो इथपर्यंत माहिती असते शेजाऱ्याला.

मग एलॉनला ४९-३२, गार्डनर-वेबला ४५-७. गाडी रुळावर आली म्हणेपर्यंत २० ऑक्टोबर. जॉर्जिया सदर्न, आणि यावेळी बूनमध्ये. जॉर्जिया सदर्न म्हणजे या कॉन्फरन्सचं जुनं खानदान, सहा नॅशनल टायटल त्यांच्या नावावर, पण सलग तीन त्यांनाही कधी जमले नाहीत, त्यामुळे बूनवाले तिसरं घेऊन जाणार हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतंच. त्यांचा क्वार्टरबॅक जेसन फॉस्टर, पायात चाकं असल्यासारखा पळणारा, त्या वर्षी खालच्या तुकडीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा वॉल्टर पेटन अवॉर्ड त्यालाच मिळाला. जॉर्जिया सदर्नने मॅच घेतली ३८-३५. ‘द रॉक’मध्ये सलग ३० मॅचेस न हरलेली टीम घरच्या लोकांसमोर हरली.

आता परिस्थिती बघा. मिशिगनला हरवलेली टीम स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये दोनदा हरलेली, प्लेऑफमध्ये फक्त १६ टीम्स जाणार, आणखी एक हरले असते तर घरी बसायची पाळी आली असती. आणि तिसरं टायटल गेलं असतं तर मग मिशिगनची मॅच म्हणजे नुसता मटका लागला होता असंच लोक म्हणाले असते. मूर यांनी काय केलं? माझ्या मते तरी काहीच नाट्यमय केलं नाही आणि तेच बरोबर केलं. पद्धत बदलली नाही. सिटाडेलला ४५-२४, फर्मनशी जीव टांगणीला लावून ३४-२७, चॅटनूगाला ३७-१७. वेस्टर्न कॅरोलायनाबरोबर तर जुनी खुन्नस, ‘ओल्ड माउंटन जग’ म्हणून एक मातीचा जग ट्रॉफी म्हणून ठेवलेला असतो, त्या मॅचला ७९-३५. आकडा बरोबर वाचलात, एकोणऐंशी. कॉन्फरन्समध्ये शेवटी ५-२ (पाच जिंकल्या, दोन हरल्या), वॉफर्डही ५-२, त्यामुळे टायटल दोघांत वाटून. मिशिगनचा बळी घेणाऱ्या टीमला स्वतःच्या गल्लीत एकट्याचं टायटल मिळालं नाही, हे वाक्य मला या सीझनमधलं सगळ्यात आवडतं.

आणि गल्ली खरंच अवघड होती याचा पुरावा लगेच प्लेऑफमध्ये मिळाला. वॉफर्डने पहिल्याच राउंडला एकही मॅच न हरलेल्या मोंटानाला २३-२२ ने बाहेर काढलं, तेही मोंटानाच्या घरी जाऊन.

ॲपलेशियन स्टेटची पहिली प्लेऑफ मॅच मात्र लोक विसरलेत, आणि माझ्या दृष्टीने सीझन तिथे जवळजवळ संपला होता. २४ नोव्हेंबर, बूनमध्ये जेम्स मॅडिसन. स्कोअर २८-२७ आणि जेम्स मॅडिसन बॉल घेऊन अगदी गोललाइनजवळ येऊन बसलेले, आता फक्त एक सोपी किक मारायची की खेळ खलास. त्यांनी किक मारायच्या आधी अजून एक धाव घ्यायची ठरवली. का ठरवली ते त्यांनाच माहीत. बॉल हातातून निसटला आणि ॲपलेशियन स्टेटवाल्याने त्यावर उडी मारली. संपलं. सप्टेंबरमध्ये एक अडवलेली किक, नोव्हेंबरमध्ये एक न मारलेली किक. मेहनत बिहनत सगळं ठीक आहे हो, पण कधीकधी समोरच्याचे घामेजलेले हात पण लागतात.

पुढच्या राउंडला ईस्टर्न वॉशिंग्टन, ३८-३५, परत तीनच पॉइंटचा फरक. मग ७ डिसेंबरला सेमीफायनल, वॉफर्डला हरवून आलेली रिचमंड. त्या रात्री एडवर्ड्सचं काय झालं होतं देव जाणे. क्वार्टरबॅक असून ३१३ यार्ड तो पळाला, क्वार्टरबॅकसाठी तो डिव्हिजन वनचा रेकॉर्ड झाला, चार टचडाउन पळून, तीन पास टाकून, पासही १६ पैकी १४ पूर्ण. म्हणजे सात टचडाउनमध्ये याचा थेट हात. रिचमंड ३५ करूनही वीस पॉइंटने हरले, ५५-३५.

फायनल १४ डिसेंबर, टेनेसीमध्ये चॅटनूगाला, समोर डेलावेअर, ज्यांचा क्वार्टरबॅक होता जो फ्लॅको, हो तोच, जो पुढे बॉल्टिमोरकडून सुपर बोल जिंकला आणि त्या मॅचचा एमव्हीपी झाला. एवढा तगडा माणूस समोर असून मॅच एकतर्फी झाली, ४९-२१. सलग तिसरं टायटल, खालच्या तुकडीत असं आधी कोणीच केलं नव्हतं, जॉर्जिया सदर्ननेही नाही. प्रेक्षक तेवीस हजार. मिशिगनच्या मॅचला होते त्याच्या पाव पण नाहीत, आणि टायटल मात्र हे.

सीझनचा रेकॉर्ड १३-२. त्या दोन्ही हारा सदर्न कॉन्फरन्समधल्या, दोन्ही पळून खेळणाऱ्या क्वार्टरबॅकवाल्या टीम्सकडून. बाहेरच्या एकाही टीमला यांना हरवता आलं नाही, मिशिगन धरून.

मिशिगनचं पुढे काय झालं ते पण सांगतो. पुढच्याच आठवड्यात ओरेगॉनकडून ३९-७ असा मार खाल्ला, मग सलग आठ जिंकल्या, शेवटी फ्लोरिडाला बोल गेममध्ये (सीझननंतरची खास मॅच) ४१-३५ हरवलं, म्हणजे टीम वाईट नव्हती. कोच लॉइड कार रिटायर झाले. त्यांच्या जागी डिसेंबरमध्ये मिशिगनने कोणाला आणलं, तर रिच रॉड्रिगेझला. ज्याच्याकडून बूनवाले स्प्रेड शिकून आले तोच माणूस. दुखणं झालं तिथे सरळ औषध बनवणाऱ्यालाच घरी आणला, आणि तेही नीट लागू पडलं नाही, पण तो वेगळा विषय.

२०१४ मध्ये ॲपलेशियन स्टेट आणि जॉर्जिया सदर्न दोघंही सदर्न कॉन्फरन्स सोडून वरच्या तुकडीत, सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये गेले. वरच्या तुकडीतली पहिलीच मॅच कुठे, तर परत मिशिगनला. यावेळी मिशिगनने ५२-१४ ने हरवलं, कोणी गाफील नव्हतं.

वॉफर्डचा हिशोब मात्र बूनवाल्यांनी इतकी वर्षं ठेवला नाही. २००८ मध्ये वॉफर्ड बूनला आले, एडवर्ड्सचा खांदा ठणठणीत होता आणि डिफेन्सला ऑप्शनची वर्षभर आठवण होती. ७०-२४.